जुलैचं रोप आणि एप्रिलचं पाणी: खानदेशातल्या एका नगरपरिषदेचं वृक्ष-अंदाजपत्रक

तापीच्या खोऱ्यातली एक ब वर्ग नगरपरिषद घेऊ. वस्ती सत्तर हजारांच्या घरात. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला केळी आणि कपाशीची शेतं, गावातून जाणारा जुना स्टेशन रोड आणि गावाबाहेरून नुकताच झालेला २४ मीटर रुंदीचा वळणरस्ता. हे गाव तीन-चार गावांवरून बेतलेलं आहे, म्हणून त्याला नाव देत नाही. त्यातले रुपये, झाडं आणि टँकरच्या खेपा हे आकडेही हिशेब मांडता यावा म्हणून धरलेले आहेत. कायदा, ऊन, माती आणि फाइल फिरण्याची रीत मात्र आपल्याकडे आहे तशीच.

जानेवारीत नव्या मुख्याधिकारी रुजू झाल्या. फेब्रुवारी संपायच्या आत अंदाजपत्रक सभेपुढे न्यायचं होतं. उद्यान विभागाकडून एका ओळीची मागणी आली: ‘वृक्षारोपण, ३,००० रोपे, दर ५०० रुपये, एकूण १५ लाख.’ गेल्या वर्षीही हीच ओळ होती, त्याच्या आदल्या वर्षीही, फक्त आकडा चढत गेलेला. ‘देखभाल’ असंही एक लेखाशीर्ष होतं. त्यापुढे एक लाख रुपये होते आणि ते बागेतलं गवत कापायच्या मशीनच्या दुरुस्तीत संपले होते.

या मोठ्या आकड्याची सवय एका दिवसात लागलेली नाही. राज्यात २०१६ साली २ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी. प्रत्येक कार्यालयाला वाटून दिलेला आकडा, त्याचा फोटो, त्याचा अहवाल. मोहिमा संपल्या, तरी आकड्यावरून काम मोजायची रीत नगरपरिषदांच्या अंगवळणी पडली. ठेकेदाराचं बिलही रोपांच्या संख्येवरच निघतं. ऑगस्टमध्ये खड्ड्यात रोप उभं दिसलं की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, सप्टेंबरात देयक मंजूर होतं आणि तिथून पुढे त्या रोपाशी कोणाचाच संबंध उरत नाही.

मुख्याधिकारी मॅडमनी उद्यान पर्यवेक्षकाला एवढंच विचारलं, की मागची झाडं किती आहेत. रजिस्टरात ‘जिवंत ८५ टक्के’ असं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पर्यवेक्षक, एक माळी आणि मॅडम असे तिघं वळणरस्त्यावर पायी निघाले. त्या रस्त्यावर दोन पावसाळ्यांत मिळून ४०० रोपं लावल्याची नोंद होती. तीन किलोमीटर चालून झाल्यावर हाती ३१ झाडं लागली.

ती ३१ झाडं कुठे होती, हे बघण्यासारखं होतं. चार पंक्चरच्या दुकानासमोर, जिथे ट्यूब बुडवायच्या घमेल्यातलं पाणी रोज संध्याकाळी झाडाच्या बुडाशी ओततात. सहा म्हसोबाच्या ओट्याजवळ. नऊ-दहा एका चहाच्या टपरीपासून पुढच्या ढाब्यापर्यंत. बाकीची जिनिंगच्या भिंतीलगत, जिथे नळाची गळती आहे. ज्याच्या शेजारी माणूस किंवा गळका नळ होता ते झाड वाचलं. मधल्या मोकळ्या पट्ट्यात हिरव्या जाळीच्या चिंध्या आणि कलंडलेल्या बांबूच्या काठ्या होत्या. एका खड्ड्यात काळी माती इतकी फाटली होती की माळ्यानं भेगेत हात घातला तो मनगटापर्यंत गेला. तो म्हणाला, “मॅडम, रोपटं तं कोनीबी लावस. उन्हायामा पानी कोन देई?”

खानदेशातल्या काळ्या मातीचा हा गुण शेतकऱ्याला पाठ आहे. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि कोवळ्या रोपाचं बूड कुजवते. उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात, मुळांचे बारीक तंतू तुटतात आणि वरून ओतलेलं पाणी भेगेतून थेट खाली निघून जातं. वर्षाचा पाऊस सहा-सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर सहज जातो आणि पश्चिमेकडून झळा येतात. रावेर-यावलचा केळीवाला बागेच्या कडेला शेवरीची दाट ओळ धरतो किंवा नेट बांधतो, ती याचसाठी. ज्या जळगावात ठिबकचा धंदा वाढून जगभर गेला, त्या जळगावच्या पंचक्रोशीत रस्त्याकडेचं झाड मात्र अजून टँकरच्या पाइपाची वाट बघत असतं. याचं मला दरवेळी नवल वाटतं.

परत येऊन लेखापालांसोबत हिशेब मांडला गेला. लेखापाल मुरलेले. त्यांचा मुद्दा असा: “मॅडम, ३,००० लावली आणि सहावा हिस्सा जरी जगली, तरी ५०० झाडं हाती येतात. तीन वर्षं सांभाळायची म्हटलं तर झाड फार महाग पडेल.” हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. म्हणून आधी तोच तपासला.

एक झाड तीन वर्षं जगवायचं तर काय लागतं? सहा फुटांचं रोप ३०० रुपये. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यातली काळी माती अर्धी काढून तिच्या जागी पोयटा आणि शेणखत, हे ४०० रुपये. लोखंडी ट्री गार्ड ९००, कारण बकऱ्या हिरव्या जाळीला जुमानत नाहीत. लावणी आणि काठी १००. झाले १,७०० रुपये. पाणी म्हणजे पावसाळा सरल्यावर नोव्हेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे ३२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दर वेळी २० लिटर. पाच हजार लिटरच्या टँकरमधून सांडलवंड धरून २०० झाडं भिजतात. खेपेला ६०० रुपये धरले तर झाडामागे वर्षाला १९२ रुपये. तिसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदाच, म्हणून ९६. तीन वर्षांचं पाणी ४८० रुपये. आळं करणं, गवत काढणं, काठी बदलणं, याला वर्षाला १५० प्रमाणे ४५०. दहातलं एक मरणार असं धरून नवं लावायला १७०. सगळं मिळून २,८०० रुपये.

या दरानं १५ लाखांत ५३५ झाडं बसतात. त्यातली ८५ टक्के टिकली तर ४५५ झाडं, म्हणजे जिवंत झाड साधारण ३,३०० रुपयांना पडतं. लेखापालांच्या बाजूनं बघितलं, तर ३,००० पैकी १५ टक्के जगली की दोन्ही पारडी सारखी होतात. त्याहून जास्त जगली तर त्यांचं म्हणणं खरं. पण वळणरस्त्यावर ४०० पैकी ३१ जगली, म्हणजे ८ टक्केसुद्धा नाहीत. त्या हिशेबानं ३,००० मधून २३२ झाडं हाती येणार आणि एकेक झाड साडेसहा हजारांच्या आसपास पडणार. लेखापालांनी कॅल्क्युलेटर दोनदा दाबून बघितला आणि मग हरकत घेतली नाही.

मला या आकडेमोडीत वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. २,८०० पैकी पाण्याचे रुपये फक्त ४८०, जेमतेम सहावा हिस्सा. सगळ्यात महाग वस्तू ट्री गार्ड आहे आणि तिची खरेदी विनाअडथळा होते, कारण ती दिसते, मोजता येते, तिच्यावर प्रभागाचं नाव रंगवता येतं. झाड मरतं ते या ४८० रुपयांपायी. ते रुपये नगरपरिषदेकडे नसतात असं नाही, ते कोणत्याच लेखाशीर्षात नसतात. टँकर पाणीपुरवठा विभागाचा, डिझेल वाहन विभागाचं, मजूर आरोग्य विभागाकडून उसना, झाड उद्यान विभागाचं. मार्च उजाडला की टँकर वस्त्यांकडे वळतो, आणि त्यात कोणाची चूकही काढता येत नाही.

पाण्याचा प्रश्न नुसत्या पैशानंही सुटत नव्हता. या गावात नळाला तीन दिवसांआड पाणी येतं. अशा गावात भर एप्रिलमध्ये टँकरनं दुभाजकावरच्या झाडांना पाणी घातलं, तर हंडे घेऊन बाया नगरपरिषदेवर येणार आणि त्या बरोबरच असणार. मार्ग निघाला जलशुद्धीकरण केंद्रात. तिथली वाळूची गाळणी रोज उलट्या दिशेनं पाणी सोडून धुवावी लागते. हे धुवणाचं पाणी एकूण पाण्याच्या दोन-तीन टक्के असतं आणि बहुतेक ठिकाणी मागच्या नाल्यात सोडून देतात. सत्तर हजार वस्तीला माणशी १३५ लिटरच्या मापानं रोज सुमारे ९५ लाख लिटर पाणी शुद्ध करायचं म्हटलं, तर दोन टक्के म्हणजे १ लाख ९० हजार लिटर धुवण निघतं. ५३५ झाडांना एका फेरीला तीन टँकर, म्हणजे १५ हजार लिटर लागतात. आठवड्याचे झाले ३० हजार. एका दिवसाच्या धुवणात सहा आठवड्यांची सोय. पाणी गढूळ असतं आणि त्यात तुरटीचा साका असतो, म्हणून ते एका हौदात निवळू द्यावं लागतं. जुना पडीक हौद केंद्राच्या आवारातच होता. त्याची गळती काढणं आणि टँकर भरायला एक पंप बसवणं एवढंच काम. ते पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीच्या शीर्षातून करायचं ठरलं. पिण्याच्या पाण्याच्या टँकरला हात लागणार नव्हता, त्यामुळे नगरसेवकांची निम्मी धार तिथेच बोथट झाली.

दुसरा पेच तारखांचा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, झाडाचं वर्ष जुलैत. जुलैत लावलेल्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात जे पाणी लागतं, त्यातले शेवटचे अकरा आठवडे, म्हणजे एप्रिल, मे आणि अर्धा जून, नव्या आर्थिक वर्षात येतात. नेमके तेव्हाच जुने ठेके ३१ मार्चला संपलेले असतात आणि नव्यांच्या फायली प्रशासकीय मान्यतेपाशी अडकलेल्या. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आणि कागदोपत्री सगळ्यात रिकामा काळ एकाच वेळी येतो. शिवाय निविदा एप्रिलनंतर निघाली, की तांत्रिक मान्यता, पंधरवड्याची मुदत, दर उघडणं, वाटाघाटी, कार्यारंभ आदेश या सगळ्यात ऑगस्ट उजाडतो. मग रोप पावसाच्या शेपटाला लागतं आणि त्याला मुळं धरायला दीड महिनासुद्धा मिळत नाही.

यावर मॅडमनी दोन गोष्टी केल्या. एक, खड्डे खोदण्याचं काम मेमध्येच पडावं म्हणून निविदेची फाइल फेब्रुवारीतच तयार ठेवली. उन्हात तापलेला खड्डा चांगला, हे माळ्याला सांगावं लागत नाही. दोन, ठेका एका वर्षाचा न काढता तीन वर्षांचा काढायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची रक्कम बांधील खर्च म्हणून त्या-त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आधी मांडायची.

पण बांधील म्हटलेली रक्कमही पुढचे लोक दुसरीकडे वळवू शकतात. इथे घरपट्टीच्या बिलावरची एक दुर्लक्षित ओळ कामाला आली. घरपट्टीच्या पावतीवर ‘वृक्ष कर’ म्हणून थोडे रुपये आपण सगळेच भरतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मधून हे सगळं आलेलं आहे: झाड तोडायला परवानगी देणारं वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आणि झाडांसाठीचा पैसा. या गावात वृक्ष करातून वर्षाला ९ लाख येत होते आणि सर्वसाधारण निधीत मिसळून जात होते. मागच्या वर्षी त्यातले चार लाख बागेतल्या पेव्हर ब्लॉकवर गेले, म्हणजे झाडांच्या पैशातून झाडांच्या मुळांवर फरशी बसली. मॅडमनी वृक्ष कराचं खातं वेगळं काढलं आणि तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम त्या खात्यावर टाकायचा ठराव मांडला. लेखापालांनी तोंड वाकडं केलं, कारण सर्वसाधारण निधीतून पगाराची जुळवाजुळव त्यांनाच करावी लागते. तरी ठराव लिहून दिला त्यांनीच, आणि नीट लिहिला.

(वृक्षगणनेबद्दल जाता जाता. मागच्या गणनेच्या यादीत या गावात सर्वाधिक आढळलेली जात ‘इतर’ अशी होती. दुसऱ्या क्रमांकावर निंब.)

सभेत अपेक्षेप्रमाणे गोंधळ झाला. ३,००० वरून एकदम ५३५? नगरसेवकांचं दुखणं खरं होतं. आपल्या प्रभागात काहीतरी लावलं, हे त्यांना दाखवावं लागतं. नगराध्यक्ष आप्पा जुने-जाणते. त्यांनी आधी सगळ्यांना बोलू दिलं आणि मग मधला रस्ता काढला. तीन वर्षांच्या सांभाळासह ४०० झाडं, ११ लाख २० हजार. ज्यांच्या घराला अंगण आहे त्यांना मागेल त्या जातीचं रोप, अशी १,२०० रोपं प्रभागांतून वाटायला १ लाख २० हजार. ही रोपं नगरपरिषदेच्या हिशेबात ‘लावलेली’ म्हणून मोजायची नाहीत, अशी अट मॅडमनी घातली आणि आप्पांनी ती मान्य केली. उरलेले २ लाख ६० हजार जुन्या झाडांसाठी.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात आवडला, कारण मोठ्या झाडांवर खर्च करायचा असतो हेच आपल्याकडे कोणाच्या ध्यानात नसतं. स्टेशन रोडवरच्या निंबांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडलेलं आहे. एका निंबात बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा ट्री गार्ड तसाच राहिला; साल त्याच्यावरून वाढली आणि लोखंडी पट्टी आता खोडाच्या पोटात आहे. ती उपटायला गेलं तर झाड फाटेल. बाहेर आलेला भाग कापून आतला सोडून द्यायचा, एवढंच करता येतं. दिल्लीसाठी राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच झाडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे तो आदेश फोटोकॉपी करून अर्जाला जोडायच्या कामी येतो. इथे तेवढी जागा मोकळी करायची, आळी करायची आणि खिळे, पाट्या, तारा काढायच्या, असं ठरलं.

जातींच्या निवडीवर फार वेळ गेला नाही. महावितरणच्या तारांखाली बहावा, कांचन, तामण. मोकळ्या बाजूला निंब, करंज, चिंच. ओढ्याकाठी अर्जुन आणि जांभूळ. गुलमोहर दोघा-तिघांनी मागितला. त्याचं लाकूड ठिसूळ, मेच्या वावटळीत फांदी थेट रिक्षावर येते, म्हणून तो रस्त्यावर नको, शाळेच्या मैदानाच्या कडेला चालेल. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड एका पुरवठादारानं फुकट देऊ केलं होतं. गुजरातनं २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली आहे, हे पर्यवेक्षकाला ठाऊक होतं. त्यानं नकार कळवला.

निविदेत खरी कसोटी होती. देयकाचे टप्पे असे ठेवले: लावणीनंतर ४० टक्के, पहिल्या उन्हाळ्यानंतर १५ जूनच्या मोजणीला २५, दुसऱ्यानंतर २० आणि तिसऱ्यानंतर १५ टक्के. प्रत्येक टप्प्याला जेवढी झाडं जिवंत तेवढ्यांचेच पैसे, आणि मोजणीला प्रभागातले दोन रहिवासी सोबत. पहिल्या वेळी एकही निविदा आली नाही. नेहमीच्या ठेकेदारांनी सरळ सांगितलं, की झाड मेलं तर आम्ही काय करणार. दुसऱ्या वेळी दोन आल्या आणि कमीतकमी दर अंदाजापेक्षा १२ टक्के जास्त, झाडामागे ३,१३६ रुपये. तेवढ्याच पैशात ४०० ऐवजी ३५७ झाडं. सभेत कोणीतरी विचारलं, की हे असंच चालू राहिलं तर पुढच्या वर्षी किती? मॅडम म्हणाल्या, “जेवढी जगवता येतील तेवढी.” ठेका मिळाला तो रावेरकडच्या एका रोपवाटिकेवाल्याला. त्यानं पहिल्याच बैठकीत दुभाजकावर ठिबकची नळी टाकू द्या, टँकरच्या खेपा निम्म्या होतील, अशी मागणी केली. नळी चोरीला गेली तर कोणी भरून द्यायची, यावर ती बैठक संपली. शेवटी नळी त्याची, राखण नगरपरिषदेची, असं लेखी झालं.

या सगळ्यात एक फाइल वेगळी चालू होती. स्टेशन रोडच्या रुंदीकरणात १४ निंब जाणार होते. आधीच्या प्रस्तावात त्यांची किंमत शून्य. उलट लाकडाच्या लिलावाचे काही हजार जमेला धरलेले. १९७५ च्या त्याच वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळतो आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. निंबांचं वय सरासरी ५५ धरलं तर १४ झाडांमागे ७७० रोपं. नगरपरिषदेच्याच २,८०० रुपयांच्या दरानं २१ लाख ५६ हजार, आणि त्यासाठी जागा शोधायची ती वेगळीच. हा आकडा रस्त्याच्या अंदाजपत्रकात टाकल्याबरोबर अभियंत्यांनी गटार दीड मीटर आत सरकवायचा आराखडा काढला. त्यात ११ निंब वाचत होते आणि खर्च वाढत होता सहा लाखांनी. इतकी वर्षं ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ असलेलं काम आठ दिवसांत शक्य झालं. उरलेल्या तिघांचा प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणापुढे आहे.

मेमध्ये खड्डे झाले, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लावणी झाली. नोव्हेंबरात हौद सुरू झाला, तोही पंप एकदा जळाल्यावर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नव्या अंदाजपत्रकात ‘बांधील खर्च, वृक्ष देखभाल’ ही ओळ आहे का, हे पर्यवेक्षकानं लेखा शाखेत जाऊन स्वतः बघितलं. ओळ होती. मान्सूनपूर्व छाटणी मात्र यंदाही वीज कंपनीच्या माणसांनी त्यांच्या पद्धतीनं केली. तारेच्या बाजूचं अर्धं झाड साफ, दुसरी बाजू तशीच. त्या छाटणीसाठी संयुक्त पथक आणि त्याचा खर्च कोणी करायचा, याचं पत्र नगरपरिषदेनं पाठवलेलं आहे. उत्तर यायचं आहे.